मिस्त्रींची बाकी

मिस्त्रींचे पैसे वडिलांनी तेव्हाच चुकते केले होते. गॅरेजच्या दारात उभं राहून, नोटा दोनदा मोजून, वर एक नारळ आणि पेढ्यांचा पुडा. त्यामुळे व्यवहाराने पाहिलं तर माझ्याकडे त्यांचं काही निघत नाही. तरी आज इतक्या वर्षांनी, हे काम शिकलात कुठे, असं कोणी विचारलं की पदविकेच्या गुणपत्रिकेवर ज्यांच्या सह्या आहेत त्यांच्यातलं कोणी डोळ्यांपुढे येत नाही. नाना पेठेच्या मागच्या बोळातली पत्र्याची शेड येते, आणि खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसून खाली माझ्यावर बॅटरीचा उजेड पाडणारे मिस्त्री येतात. मी गिअरबॉक्सच्या चाचण्या घेते, त्यातही ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या. मिस्त्रींना या प्रकाराचा मनापासून तिटकारा. माझी आणि या यंत्राची ओळख त्यांनीच करून दिली, पण ती ते यंत्र गाडीतून उपटून काढताना.

त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणत, त्यांची बायकोसुद्धा. मूळचे कराडकडचे. एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत उमेदीची वर्षं गेलेली. टेल्कोने 1954 साली डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला मालमोटारी बनवायला घेतल्या, तेव्हा त्यांच्या नाकावर मर्सिडीजची चांदणी असे. 1969 साली करार संपला आणि चांदणीच्या जागी इंग्रजी टी आला. मिस्त्री स्वतःला चांदणीच्या काळातला माणूस समजत. जर्मन माणसाने एखादी गोष्ट अमुक तऱ्हेने केली असेल तर तिला कारण असणार, ही त्यांची श्रद्धा होती. त्या श्रद्धेतून फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्स वगळलेला होता. तो जर्मनांनी अमेरिकनांच्या नादी लागून केला, असं त्यांचं मत.

वडिलांचा छापखाना होता, आणि छापखान्याला मर्सिडीजची गरज नसते. हे आईने गाडी घेण्याआधी सांगून पाहिलं होतं आणि घेतल्यावर तर रोजच सांगत होती. गाडी 240 डी, 1982ची. डब्ल्यू 123 या नावाने ओळखली जाणारी ही मालिका. 1976 ते 1985 या काळात तिच्या सुमारे 27 लाख गाड्या निघाल्या. जर्मनीत ती टॅक्सीवाल्यांची लाडकी होती हे आईला कळल्यावर वडिलांची उरलीसुरली बाजूही गेली. आमची गाडी कुठल्याशा वकिलातीची. तिथून स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या लिलावात मुंबईच्या एका व्यापाऱ्याने घेतली आणि हौस फिटल्यावर वडिलांच्या गळ्यात मारली. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, 72 अश्वशक्ती, आणि ओढायला जवळजवळ चौदाशे किलो. तिला घाई म्हणून माहीत नव्हती. पण क्लच नाही, डावा पाय मोकळा, लक्ष्मी रोडवरच्या गर्दीत पाय दुखत नाहीत, याचं वडिलांना इतकं अप्रूप की ते पाहुण्यांना बसवून तो मोकळा पाय दाखवत.

1992च्या पावसाळ्यात कात्रजच्या जुन्या घाटात ती दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाईना. म्हणजे इंजिनाचा आवाज चढायचा, गाडी मात्र होती तिथेच रेंगाळायची, आणि मग धपकन झटका बसून तिसरा पडायचा. पुढे पुढे झटकाही बसेना, नुसताच आवाज. एका गॅरेजवाल्याने न उघडताच, अख्खा गिअरबॉक्स बाहेरून मागवावा लागेल म्हणून सांगितलं; आकडा ऐकून वडील दोन दिवस गप्प होते. दुसऱ्याने तेल बदलून पैसे घेतले. तिसऱ्याने गाडी पाहिलीच नाही, फक्त हात जोडले.

मिस्त्रींचं नाव आलं ते छापखान्यात कागद आणणाऱ्या एका ट्रॅक्सवाल्याकडून. यात दिसतं त्यापेक्षा जास्त अर्थ होता. आमच्या गाडीतलं ओएम 616 हे इंजिन बजाज टेम्पो कंपनी डाइमलर-बेंझच्या परवान्यावर बनवत होती. टेम्पो ट्रॅव्हलर त्याच्यावर पळत होती, ट्रॅक्स त्याच्यावर पळत होती. म्हणजे वकिलातीच्या दारात उभी राहणारी आमची गाडी आणि टपावर कोंबड्यांच्या पाट्या लादून वाईला जाणारी वडाप यांचं इंजिनाकडून रक्ताचं नातं होतं. वडिलांना ही बातमी आवडली नाही. मला मात्र तेव्हापासून आकुर्डीवरून जाताना त्या कारखान्याबद्दल उगाच जिव्हाळा वाटू लागला.

मिस्त्रींनी गाडी बोळातून एकदा पुढे-मागे केली, तेलाची दांडी काढून नाकाशी धरली आणि म्हणाले, "जळला. काढून टाकू. हाताचा बसवू."

हाताचा म्हणजे मॅन्युअल. वडिलांनी डाव्या पायासाठी थोडी घासाघीस केली. मग मान्य केलं. हाताचा गिअरबॉक्स, त्याचं बेल हाउसिंग, फ्लायव्हील, क्लच, पेडलं असा सगळा संसार कुर्ल्याच्या जुन्या मोटारींच्या बाजारातून यायचा होता. अडचण माणसाची होती. मिस्त्रींचा पोऱ्या लग्नासाठी गावी गेलेला, तो काही लवकर येण्यातला नव्हता. वडील म्हणाले, आमची पोरगी मेकॅनिकलचा डिप्लोमा करते, सुट्टीच आहे तिला.

1992 साली नाना पेठेत खड्ड्यात उतरणारी मुलगी कोणी पाहिली नव्हती. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. "नखं काप," म्हणाले. अट एवढीच. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने, काकूंनी, मिस्त्रींचा एक जुना खाकी शर्ट धुऊन ठेवला होता, एसटीचा, खिशावरचा बिल्ला उसवून काढलेला. बोळातली माणसं पहिले काही दिवस काहीबाही काम काढून शेडपाशी यायची. मिस्त्री प्रत्येकाच्या हातात एक पाना नाहीतर पाण्याची बादली द्यायचे. हळूहळू गर्दी ओसरली.

पहिलं काम तेल काढायचं. चेंबरचा बोल्ट सोडला की तेल येतं हे मला माहीत होतं. पण त्यातून येतं ते निम्मंच. उरलेलं निम्मं टॉर्क कन्व्हर्टरच्या पोटात असतं. मर्सिडीजच्या त्या काळच्या कन्व्हर्टरला त्यासाठी एक छोटा डाट दिलेला आहे; कन्व्हर्टर फिरतं असल्यामुळे तो डाट कुठे थांबला असेल याचा नेम नाही. बेल हाउसिंगच्या बुडाशी झरोका असतो, त्याच्यासमोर तो डाट आणावा लागतो. त्यासाठी एकाने पुढे उभं राहून क्रँकच्या बोल्टवर 27ची गोटी लावायची आणि इंजिन हाताने फिरवायचं, आणि दुसऱ्याने खाली खड्ड्यात झरोक्याला डोळा लावून बसायचं. फिरवायचं ते घड्याळाच्या काट्यांच्याच दिशेने. उलटं फिरवलं तर टायमिंग चेन ढिली पडून दात सुटायची भीती. डिझेल इंजिन हवा एकवीस पट दाबतं, त्यामुळे प्रत्येक दाबावर दांडा अडायचा, मिस्त्री वजन टाकायचे, आतून फुस्स आवाज यायचा आणि दांडा सुटायचा. मी खालून ओरडायची, "आलं! थांबा! गेलं!" आणि पुन्हा एक अख्खा फेरा.

डाट एकदाचा समोर आला आणि तेल खाली आलं. हे तेल लाल असतं, सरबतासारखं. आमचं काळपट तपकिरी होतं आणि त्याला करपलेला वास होता. मिस्त्रींनी ते बोटांत चोळून मला चोळायला लावलं. बारीक कचकच लागली. "ही क्लचची प्लेट," ते म्हणाले. "तुझ्या बोटाला लागली ना, ती तिथे नाही आता."

कन्व्हर्टर आम्हाला कॉलेजात एका तासात उरकला होता. तीन चाकं, मध्ये तेल: एक इंजिन फिरवतं, त्याने फेकलेल्या तेलाने दुसरं फिरतं आणि गिअरबॉक्सला फिरवतं, मधलं तिसरं परतणाऱ्या तेलाला वळण देऊन जोर वाढवतं. हेरमान फॉटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरने 1905 साली याचं पेटंट घेतलं, तेही मोटारीसाठी नव्हे. जहाजाचं टर्बाइन वेगात फिरतं आणि पंखा सावकाश फिरायला हवा, त्या दोघांचं जमवण्यासाठी. हे सगळं मी परीक्षेत लिहिलेलं होतं. पण इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये लोखंडाला लोखंड कुठेच लागत नाही, मधे नुसतं तेल आहे, हे खरं वाटलं ते करपलेल्या तेलाचे हात रॉकेलने धुताना.

मिस्त्रींची काढायची पद्धत सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यातच माझं सगळं शिक्षण झालं. एक जुना पुठ्ठा घ्यायचा, त्याच्यावर बेल हाउसिंगचा आकार काढायचा, वरची बाजू कुठली ते लिहायचं, आणि बोल्ट जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्याला भोक पाडून खोचायचा. वायसरसकट. वरचे बोल्ट लांब असतात, खालचे आखूड, एकाखाली वायरची पट्टी असते, एकाखाली नळीची पकड. तोंडी हिशेब चालणार नाही. नळ्यांच्या उघड्या तोंडांना लाकडाची बुचं मारायची. ती त्यांनी आधीच तासून डब्यात ठेवलेली. वायरींना दोरा बांधायचा, दोऱ्याला चिठ्ठी. दापोडीला असंच करायचे, म्हणाले. हे वाचताना एवढं काय त्यात, असं वाटेल. पण मी पुढे मोठमोठ्या ठिकाणी, वातानुकूलित खोल्यांत, पांढरे हातमोजे घातलेल्या लोकांना बोल्ट एका ट्रेमध्ये ओतताना पाहिलं आहे.

मग एकेक गोष्ट सुटत गेली. मागचा शाफ्ट, त्याचं रबरी कपलिंग, किलोमीटरची केबल, गिअरच्या दांड्याची जोडणी, तेल थंड व्हायला रेडिएटरकडे जाणाऱ्या दोन नळ्या, आणि मॉड्युलेटरची बारीक रबरी नळी. या नळीकडे तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही. तिच्याबद्दल पुढे बोलायचं आहे.

बेल हाउसिंगचे वरचे बोल्ट म्हणजे खरी परीक्षा. वरून हात जात नाही, खालून दिसत नाहीत. मागची फाउंडेशन काढून गिअरबॉक्स जॅकवर थोडा खाली टेकवायचा, म्हणजे इंजिन मागे झुकतं आणि फटीतून माणसाच्या उंचीएवढा दांडा थेट मागून पुढे घालता येतो. टोकाला 17ची गोटी. दांडा मी धरायचा, गोटी बोल्टवर बसली हे हाताला कळायला हवं. "डोळे मीट," मिस्त्री म्हणायचे. मला वाटलं चेष्टा करतायत. खरंच मिटल्यावर कळायला लागलं. बसलेली गोटी आणि काठावर चढलेली गोटी यांचा दांड्यातून येणारा स्पर्श वेगळा असतो, आणि हा फरक कुठल्याही पुस्तकात दिलेला नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. गिअरबॉक्स मागे ओढण्याआधी कन्व्हर्टर इंजिनापासून सोडवावा लागतो. इंजिनाच्या क्रँकवर पातळ पोलादी प्लेट असते, तिच्यावर सहा बोल्टांनी कन्व्हर्टर बसवलेला. ते सहा बोल्टही त्याच झरोक्यातून, तसंच क्रँक फिरवून, एकेक समोर आणून काढायचे. हे विसरून गिअरबॉक्स ओढला तर कन्व्हर्टर इंजिनालाच राहतो, त्याची नळी गिअरबॉक्सच्या पुढच्या पंपातून खेचली जाते, सील फाटतं, आणि उरलंसुरलं तेल खड्ड्यातल्या माणसाच्या डोक्यावर. खड्ड्यातला माणूस मी होते. सहावा बोल्ट निघाल्यावर मिस्त्री स्वतः खाली उतरले, दोन पहारींनी कन्व्हर्टर हलकेच मागे, गिअरबॉक्सच्या अंगाला लोटला, समोर लाकडाची पट्टी ठोकून तो पुढे येणार नाही असा बंदोबस्त केला, आणि मगच जॅक मागे घेतला.

"भंगारात जायचा आहे ना तो?" मी विचारलं. "मग एवढं कशाला?"

"भंगारात जायचा म्हणून फोडून काढायचा?" एवढं बोलून ते चहाला गेले.

गिअरबॉक्स गेल्यावर इंजिनाची पाठ पहिल्यांदा उघडी दिसली. आता तिथे ऑटोमॅटिकच्या संसारातलं एकच माणूस उरलं होतं, ती पातळ प्लेट, कडेला सेल्फचे दात असलेली. हाताच्या गाडीत या जागी जड फ्लायव्हील असतं. ऑटोमॅटिकमध्ये तेलाने भरलेला कन्व्हर्टरच तेवढा जड असतो, म्हणून प्लेट पातळ चालते. मिस्त्रींनी तिला हात लावण्याआधी कमरेचा पंच काढला आणि प्लेटवर एक आणि क्रँकच्या चकतीवर तिच्यासमोर एक अशी खूण ठोकली. मी म्हटलं, ही तर परत बसणार नाही. तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच सविस्तर सांगितलं. प्लेट, चकती, क्रँक यांचा तोल कारखान्यात एकत्र साधलेला असतो. जुन्या प्लेटचा जड भाग जिकडे, नव्या फ्लायव्हीलचा जड भाग तिकडेच आणि तेवढाच यायला हवा. म्हणजे ही टाकाऊ प्लेटच आता माप आहे. पुढे ती आणि कुर्ल्याहून आलेलं फ्लायव्हील दोन्ही गोणपाटात गुंडाळून आम्ही भोसरीला एका बॅलन्सिंगवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने फ्लायव्हीलच्या पाठीला दोन ठिकाणी उथळ भोकं पाडून ते प्लेटच्या तोलाला आणलं.

प्लेटचे बोल्ट ताण घेऊन लांबणारे असतात. मिस्त्रींनी ते काढून नव्या बोल्टाशेजारी उभे केले. उंचीतला फरक नुसत्या डोळ्यांना दिसत होता. जुने लगेच वेगळ्या डब्यात, चुकूनही परत हाताशी येऊ नयेत म्हणून. नवे कुठून आणले? टेम्पोच्या स्पेअरपार्टच्या दुकानातून, शेडपासून चार पावलांवर. क्रँकच्या टोकाच्या खळग्यात बसवायचं छोटं पायलट बेअरिंगही तिथलंच. ऑटोमॅटिक गाडीत तो खळगा मोकळा असतो. तिथे कन्व्हर्टरचं नाक टेकतं. हाताच्या गिअरबॉक्सचा शाफ्ट मात्र त्या बेअरिंगच्या आधारावर फिरतो. दुकानदाराने ट्रॅक्सचा नंबर विचारला. मिस्त्रींनी आमच्या मर्सिडीजचा सांगितला आणि दुकानदाराचा चेहरा पाहत उभे राहिले. त्यांना असल्या गोष्टींत गंमत वाटे.

एका जागी त्यांनी हात आवरला. क्रँकच्या मागच्या बाजूचं सील या इंजिनात दोरीचं असतं, दोन अर्ध्या भागांत. इतकं उघडलंच आहे तर तेही बदलून टाकू, असं कुणालाही वाटेल. मला वाटलं, वडिलांना तर वाटलंच. मिस्त्रींनी त्याच्यावर बोट फिरवलं, बोट कोरडं आलं. "गळत नाही. त्याला झोपू दे." ते नीट बदलायचं तर क्रँकच खाली घ्यावा लागतो. आजही एखादा उत्साही मुलगा चालू यंत्राचा आणखी एक भाग उघडू बघतो तेव्हा माझं बोट आधी तिथे फिरतं.

बसवण्याची हकीगत फार नाही. काढलं ते जपून काढलं होतं, त्यामुळे पुठ्ठ्याकडे बघत बसवत गेलो. शेवटी चावी फिरवली तर सेल्फ ढिम्म. ऑटोमॅटिक गाडी पार्कमध्ये नाहीतर न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय सुरू होऊ नये म्हणून दांड्यापाशी एक स्विच असतो; तो स्विच आता गोणीत होता आणि गाडी बिचारी त्याच्या परवानगीची वाट पाहत होती. दोन वायरी जोडल्या, इंजिन लागलं. वडिलांनी नव्या क्लचवर पाय ठेवला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचं दुःख पाहून आई कित्येक महिन्यांनी त्या गाडीत आनंदाने बसली.

बिलाबद्दल सांगायचं राहिलं. मिस्त्रींनी वहीचं पान फाडून हिशेब लिहून दिला होता. कुर्ल्याचा माल, बोल्ट, बेअरिंग, बॅलन्सिंग, मजुरी. आणि सगळ्यांत खाली वजाबाकी: हेल्परचा रोज, हजेरीप्रमाणे. वडिलांनी विचारलं, हे कशाचं कमी केलं? "तुमची पोरगी," मिस्त्री म्हणाले, "तिची हजेरी मांडली आहे." वडिलांना वाटलं थट्टा आहे, त्यांनी पूर्ण पैसे पुढे केले. मिस्त्रींनी वरचे पैसे मोजून परत केले, तेही वडिलांच्या नाही, माझ्या हातात.

तेव्हा मला नुसता आनंद झाला. त्या रकमेचा दुसरा अर्थ कळायला स्वतः माणसं शिकवायची वेळ यावी लागली. मिस्त्रींकडे खड्डा एकच होता. तो इतके दिवस आमच्या गाडीने अडवला. ट्रॅक्सवाले बोळात येऊन चिडून परत जात, त्यांतले काही पुढे परत आलेही नाहीत. एकट्याने केलं असतं तर ते काम त्यांनी पाव वेळात उरकलं असतं. गोटी नीट बसली का हे मला डोळे मिटून कळेपर्यंत थांबायची त्यांना काय गरज होती? तो वेळ त्यांनी बिलात कुठेच धरला नाही, उलट मला रोज दिला. शिकवणी देणाऱ्यानेच शिकणाऱ्याला फी भरावी, असा हा हिशेब. यात माझ्याकडे निघतं किती, हे कुठल्याही वहीत मांडता येत नाही आणि म्हणून फेडताही येत नाही. मी दिवाळीला त्यांच्याकडे जात राहिले, काकूंच्या डोळ्याच्या ऑपरेशनला धावपळ केली, ते सगळं नात्यात गेलं. बाकी होती तेवढीच आहे.

आणि तरीही त्यांचं निदान मला पटत नाही. इथे आमचं भांडण आहे.

या धंद्यात पडल्यावर मला त्या बारीक रबरी नळीचं काम कळलं. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखी स्वतःची व्हॅक्यूम नसते, म्हणून वेगळा पंप असतो. त्याची व्हॅक्यूम इंजेक्शन पंपावरच्या एका व्हॉल्व्हमधून मॉड्युलेटरकडे जाते, आणि गिअर बदलताना क्लच किती जोराने दाबायचा हे मॉड्युलेटर ठरवतो. व्हॅक्यूम जास्त तर दाब कमी, गिअर मऊ पडतो. कमी तर दाब जास्त, झटका बसतो. ॲक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम उतरायला हवी. त्या व्हॉल्व्हचं सेटिंग बिघडून ती उतरलीच नाही, तर चढावर क्लच पुरेसा दाबला जात नाही, घसरतो, घसरून जळतो. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना ज्याने पकड घ्यायची त्या क्लचला के-1 म्हणतात. कात्रजच्या घाटात आम्ही ऐकला तो आवाज त्याच्या घसरण्याचा. सुरुवातीलाच कोणी ती नळी उपटून, बुजवून गाडी चालवून पाहिली असती तर गिअर झटक्याने पण ठाम पडले असते आणि दुखणं कळलं असतं. एक छोटा स्क्रू, बस.

हे मी मिस्त्रींना सांगितलं, तेव्हा ते शेड बंद करून कायमचे गावी निघाले होते. "तुझा माल पडलाय, घेऊन जा," असा निरोप आला म्हणून गेले, तर बाकड्याखाली गोणपाटात तो गिअरबॉक्स, कन्व्हर्टर, पातळ प्लेट, सगळं तसंच. पुढच्या तोंडाला लाकडाचं बूच. वर पुठ्ठा, त्याच्यावर माझ्या अक्षरात "वर". भंगारवाल्याने कितीदा मागितला असेल. आम्ही तिथेच, रिकाम्या शेडमध्ये, तो उघडला. के-1च्या प्लेटांवरचं अस्तर काळं पडून कपचे उडालेले. बाकी सगळं जवळजवळ नवं.

"बघ," मिस्त्री म्हणाले. "जळलाच होता."

"पण का जळला ते बघा ना," मी म्हटलं.

मग आमची जुंपली. त्यांचं म्हणणं, आमच्याकडे गाडी आली तेव्हा प्लेटा गेलेल्याच होत्या, स्क्रू फिरवून त्या परत उगवल्या नसत्या, आणि 1992 साली पुण्यात त्या प्लेटा आणणार कोण? माझं म्हणणं, एवढ्या चार प्लेटांसाठी अख्खा गिअरबॉक्स टाकला. बाहेरून मागवता आल्या असत्या, आपण विचारलंच नाही. ते म्हणाले, विचारायचं काय म्हणून? नाव माहीत होतं कुणाला? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण मी हरले असंही मला वाटत नाही. काकूंनी चहा ठेवला आणि आम्हा दोघांनाही वेड्यात काढलं. गिअरबॉक्स मी घेऊन आले. के-1 पुन्हा भरायचा विचार आहे. प्लेटा मिळतात आता.

मागच्या वर्षी त्यांचा फोन आला. पुतण्याने एएमटीची छोटी गाडी घेतली होती आणि मिस्त्री तिच्या खाली वाकून आले होते. "अगं, ह्याला गिअरबॉक्स हाताचाच आहे," त्यांचा आवाज चढलेला. "क्लचपण आहे. पेडल मात्र नाही. मग दाबतो कोण?"

मी सांगितलं. गिअरबॉक्सवर एक ॲक्च्युएटर बसवलेला असतो, संगणक त्याला हुकूम देतो, तो क्लच दाबतो आणि गिअर बदलतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे दोन प्रश्न विचारले, दोन्ही मुद्द्याचे.

"आणि तो मेला की?"

"नवा टाकायचा."

"उघडत नाही?"

"बहुतेक ठिकाणी नाही उघडत, मिस्त्री. अख्खाच बदलतात."

पलीकडून काही वेळ नुसतं हसू ऐकू आलं. "म्हणजे तुम्हीपण काढूनच टाकता की गं," असं म्हणून त्यांनी फोन काकूंकडे दिला.